नव्या डोळ्याचा चौथा दिवस

"आधी हात धू," आत्याबाई म्हणाल्या.

"धुतले, आत्याबाई."

"मी पाहिले नाहीत."

"तुम्ही रेडिओकडे पाहत होतात."

"रेडिओ पाहायचा असतो होय ग? ऐकत होते मी. जा, पुन्हा धू. डोळा त्याचा आहे, साबण काही तुझ्या माहेरून आलेला नाही."

सून हसत पुन्हा नळाकडे गेली. आत्याबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. भावाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं तेव्हा त्या एक पिशवी, एक उशी आणि आपला जुना रेडिओ घेऊन आल्या, आणि आल्या तासापासून घराची सूत्रं त्यांनी हातात घेतली. सकाळी सात ते आठ रेडिओवर कीर्तन चाले. तेवढा वेळ घरात कोणी ब्र काढायचा नाही. एरवी बोलणं त्यांचंच. कीर्तनकार पद सोडून गोष्टीत शिरतो, गोष्टीतून पोटगोष्टीत जातो, ऐकणाऱ्याला वाटतं हा आता हरवला, तोच हा नेमका पदावर येऊन उभा! तशा आत्याबाई जगातल्या कुठल्याही विषयावरून थेंबांवर येत.

थेंब दोन प्रकारचे होते. एक दर दोन तासांनी, दुसरे दिवसातून चारदा, आणि मध्ये पाच मिनिटं जायलाच हवीत. बाटल्या सारख्याच दिसत, म्हणून आत्याबाईंनी एकीच्या गळ्यात लाल धागा बांधला होता, दुसरीच्या पांढरा. रफूवाल्याच्या घरात धाग्यांना काय तोटा!

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. सुनेनं त्यांचा काळा चष्मा काढला, खालची पापणी बोटानं अलगद ओढली, बाटलीचं टोक कुठे टेकणार नाही असं धरलं आणि एक थेंब सोडला.

"मिटा. आवळून नको, नुसतं मिटा."

"खुपतंय. वाळूचा कण गेल्यासारखं."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, थोडे दिवस खुपेल, पाणीही येईल. लाली वाढली, दुखायला लागलं किंवा दिसायचं कमी झालं, तर मात्र लगेच सांगायचं. घाबरून गप्प बसायचं नाही."

"आणि चोळायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"चोळलं का मी?"

"हात उचललास."

"माशी आली होती!"

"वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, झोपताना डोळ्यावरची प्लास्टिकची वाटी काढायची नाही. आणि माशीच्या मागे लागायचं नाही."

"ऑपरेशन माझ्या डोळ्याचं झालं," बाबा सुनेला म्हणाले, "पट्टी हिच्या तोंडाला बांधायला हवी होती."

पाच मिनिटांनी दुसरा थेंब झाला. बाबांनी डोळा उघडला, खिडकीबाहेर पाहिलं आणि पाहतच राहिले.

"समोरच्या बेकरीनं पाटी रंगवली का ग?"

"नाही, बाबा."

"हिरवी होती ना?"

"निळीच आहे. पहिल्यापासून."

"निळी?" त्यांनी डोक्याला एक झटका दिला, जणू पाटीच जागची हलेल. "आणि ही भिंत? चुना कधी मारलात? डोळे दिपतात."

"भिंतही तीच आहे, बाबा."

चार दिवस सुनेला ज्याची धास्ती होती ते सुरू झालं होतं. बाबांना रंग दिसायला लागले होते.

आता हे कोडं नको, सरळ सांगायला हवं. बाबांचं रफूचं दुकान तळमजल्यावर होतं, वर घर. फाटलेलं, जळलेलं, कसरीनं खाल्लेलं कापड त्यांच्या हाताखालून गेलं की भोक कुठे होतं हे त्या कपड्याच्या मालकालाही सापडत नसे. कपड्याच्याच शिवणीत त्याच कापडाचा धागा मिळाला तर प्रश्न नसतो. पण जुन्या कपड्यांच्या शिवणीत धागा उरलेला नसतो, उरला तरी वरचं कापड उन्हानं विटलेलं असतं. मग खणांतून धागा काढून रंग जुळवावा लागतो, आणि तिथे डोळा हवा.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी सासूबाई एक करडं जाकीट घेऊन तिच्याकडे आल्या होत्या. कोपरावर बाबांचं रफू होतं. वीण अशी की देवानं विणावी, आणि धागा मेंदीच्या रंगाचा.

"ह्यांना हे करडंच दिसतंय," सासूबाई हळूच म्हणाल्या होत्या. "ह्यांना सांगू नकोस हो. रंग चुकतोय हे कळलं तर सुईच खाली ठेवतील. तुला जमेल का काही?"

तिला जमलं. सुई तिनं बाबांकडूनच शिकली होती, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, आणि डावखुरी म्हणून त्यांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. तिनं बाबांचं रफू उसवलं नाही. त्यांच्या एकेका धाग्याच्या टोकाला योग्य रंगाचा धागा गुंतवायचा आणि जुना धागा अलगद ओढून घ्यायचा, की त्याच वाटेनं नवा आत येतो. वर खाली, वर खाली, बाबांनी घातलेल्या प्रत्येक टाक्यातून. वेळखाऊ काम. पण तेव्हापासून बाबांच्या हातचा ज्या ज्या कपड्याचा रंग चुकला, तो तिच्या हाताखालून जाऊनच गिऱ्हाइकाकडे गेला. वर्षभरानं सासूबाई गेल्या. जाणाऱ्या माणसाला दिलेला शब्द, तो काही परत करता येत नाही. तिनं तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

आणि तरी बाबांच्या मागे लागून, दोन वर्षं नाही नाही म्हणणाऱ्या माणसाला ऑपरेशनला राजी करणारीही तीच होती.

दुपारी नणंद आली. शाळेत शिकवत असल्यामुळे ती घरातही हजेरी घेतल्यासारखी बोलायची. आल्या आल्या तिनं थेंबांचा तक्ता तपासला, बाटल्यांवरची मुदत वाचली, उशीचा अभ्रा धुतलेला आहे का विचारलं आणि मग बाबांच्या समोर बसली.

"कसं दिसतंय?"

"तू जाड झालीयस."

"बाबा!"

"आणि ही," त्यांनी बहिणीकडे हनुवटी केली, "म्हातारी कधी झाली?"

"तू आंधळा झालास तेव्हा," आत्याबाई म्हणाल्या. "मुद्दाम वेळ साधून."

सगळे हसले. हसण्याच्या त्या उबेतच नणंदेनं विषय काढला. दुकान सांभाळणारा तिचा भाऊ, सुनेचा नवरा, नुकताच खालून वर येऊन टेकला होता.

"मी सरळच बोलते. बाबांनी आता रफू बंद करावं. नवा डोळा मिळालाय तो पुन्हा सुईच्या भोकात घालायचा का? माझं घर तळमजल्यावर आहे, जिना नाही. बाबांनी माझ्याकडे यावं."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्यात," सून म्हणाली, "महिन्या-दीड महिन्यानं जवळचा चष्मा मिळाला की काम करायला हरकत नाही."

"डॉक्टर म्हणणारच. त्यांना काय माहीत बाबा कसे बसतात ते? सहा सहा तास, मान खाली घालून."

"बरोबर बोलतेय पोर," आत्याबाई म्हणाल्या. "सत्तरी उलटली. आता कान उघडे ठेवायचे आणि चार चांगले शब्द ऐकायचे."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. हा तरी बोलेल असं तिला वाटलं होतं. त्याच्या बोटांना सुई कधी वश झाली नव्हती, पण गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला 'बाबांचा हात आहे' असं म्हणताना त्याची छाती फुगायची. तो नखानं टेबलावरचा डाग खरवडत होता.

"बाबा म्हणतील तसं," तो म्हणाला.

"अहो, असं काय बोलताय?"

"मग काय बोलू? मी दमलोय ग. रोज वाटतं, कोणीतरी कपडा आणून तोंडावर फेकेल."

म्हणजे ह्यालाही काही कुणकुण होती.

"वहिनी, तुझं काय जातंय?" नणंद म्हणाली. आवाजात बोचरेपणा नव्हता, पण बोचलं. "वडील माझेही आहेत. तुझ्यावर सगळा भार, मी नुसती रविवारची पाहुणी, हे मला आवडतं असं वाटतं का तुला?"

"तसं नाही, ताई."

"मग?"

तेवढ्यात बाबा म्हणाले, "बंद करा."

भांडायला आलेल्या माणसाला दार उघडंच सापडावं तशी नणंद बावरली.

"तुम्हाला... चालेल?"

"चालेल काय, मीच म्हणणार होतो." बाबा सुनेकडे वळले. "खालच्या दांडीवर एका शिक्षकाचा करडा कोट आहे. उद्या न्यायला येईल तो. तो आण."

तो कोट तिनं मागच्याच आठवड्यात दुरुस्त केला होता, म्हणून तिनं बिनघोर आणला. बाबांनी तो मांडीवर घेतला, पण खिशाजवळचं रफू डोळ्यांनी पाहिलंच नाही. कोट उलटा केला आणि आतल्या बाजूनं तर्जनी फिरवली, आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवतो तशी.

"वीण जिथून परत फिरते तिथे आपण वळणाला थोडी ढील ठेवतो. कापड आटलं तर ओढ बसू नये म्हणून. माझी ढील उजवीकडे पडते. चाळीस वर्षं उजवीकडे पडली." त्यांनी बोट थांबवलं. "ही डावीकडे पडलीय."

सून पुढे वाकून त्या बोटाकडे पाहायला लागली.

"डोळे गेले होते माझे," बाबा म्हणाले. "बोटं नव्हती गेली. तीन वर्षं मी कपडा संपवून ठेवतो, आणि दोन दिवसांनी हात लावावा तर तो दुसऱ्याच हाताचा. एकदा नाही, दहादा नाही. मी काय समजायचं ते समजलो. हात गेला. वीण सैल पडत असेल, टाके सुटत असतील. ही पोर बिचारी माझी लाज राखते, आणि मला ते कळलंय हे मी तिला कळूही देत नाही." त्यांनी नणंदेकडे पाहिलं. "ऑपरेशनला दोन वर्षं नाही म्हणत होतो ते उगीच नाही. हातच गेल्यावर डोळे करून काय बघायचं? तर हेच, की गेलाय."

"बाबा," सून म्हणाली. "हात?"

"मग काय?"

"हात नाही हो! रंग! नुसता रंग!"

"काय रंग?"

"वहिनी, काय म्हणतेस?"

"मी वीण नाही केली. एकही टाका माझा नाही. मी तुमचा धागा ओढत त्याच्या मागून माझा आणला. वाट तुमचीच आहे, प्रत्येक टाक्याची. मी डावीकडून ओढते म्हणून वळणं तेवढी उलटी पडली. करड्याला मेंदी लागायची, निळ्याला हिरवा. तुम्हाला ते एकच दिसायचं." आणि मग, सांगायचं नव्हतं तेही बाहेर पडलं. "आईंनी शब्द घेतला होता माझ्याकडून. त्या म्हणाल्या, कळलं तर सुई खाली ठेवतील."

"तिला माहीत होतं?"

"पहिलं जाकीट त्यांनीच आणून दाखवलं."

नणंदेनं तोंडावर हात घेतला. आत्याबाईंनी बारीक आवाजात चालू असलेला रेडिओ आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून बंद केला.

"समजूत काढतेस माझी," बाबा शेवटी म्हणाले.

"नाही. थांबा."

ती जिना उतरून गेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी एक गडद निळा कोट संपवला होता, आणि दवाखान्याच्या धावपळीत तिला त्याला हात लावायला मिळाला नव्हता. तो तसाच आणून तिनं खिडकीच्या उजेडात त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी पाहिलं. जवळचं अजून धूसर होतं, टाके दिसत नव्हते. पण निळ्या बाहीवर शेवाळ चढल्यासारखा हिरवा ठिपका धडधडीत दिसत होता.

"हे मी केलं?"

"हो."

त्यांनी तळहात उजव्या डोळ्यासमोर आडवा धरला.

"लावू नकोस!" आत्याबाई ओरडल्या.

"लांब आहे ग बाई, लांब आहे." आणि डाव्या, अजून ऑपरेशन न झालेल्या डोळ्यानं पाहिलं. ठिपका गेला. बाही सगळी एक. तळहात काढला, ठिपका आला. पुन्हा धरला, गेला. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. मग दोन्ही डोळे मिटले आणि त्या हिरव्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. वर, खाली, उलट बाजूनं. वळणांवरून. ढील उजवीकडे पडली होती. वीण पाण्यासारखी लागली.

"हात आहे," ते म्हणाले.

"आहे, बाबा. कधी गेलाच नाही."

त्यांच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं. आत्याबाई स्वच्छ कापूस घेऊन धावल्या.

"पुसू नकोस, गळू दे. गालावर आलं की मी टिपते. आणि जास्तच येत असेल तर डाव्या डोळ्यानं रड."

बाबांना रडता रडता हसू फुटलं. नवरा पुढे होऊन त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला, लहानपणी बसत असेल तसा. "मला वाटायचं, हिनं काहीतरी लपवलंय," तो म्हणाला, "आणि विचारायची हिंमत नव्हती. कळलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं."

"म्हणजे चौघं एका घरात," आत्याबाई म्हणाल्या, "आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं मन राखतोय! त्या दयाळूनं तोंडं कशाला दिलीत तुम्हाला?"

"चष्मा मिळाला की बसेन मी," बाबा लेकीला म्हणाले. "सहा तास नाही. दोन."

"तीनसुद्धा बसा," नणंद नाक ओढत म्हणाली. "पण दुसऱ्या डोळ्याचंही करून घ्यायचं. कबूल?"

बाबांनी पुन्हा तळहात उजव्या डोळ्यासमोर धरला आणि डाव्या डोळ्यानं खोलीभर पाहत गेले. भिंत, दार, लेक, आणि मग कोपऱ्यातला तो पलंग, ज्यावर सासूबाईंचे शेवटचे तीन महिने गेले होते.

"तुझी आई," ते म्हणाले, "मला ह्या डोळ्यांनी शेवटी दिसली. पिवळी. हळद फासल्यासारखी. मी डॉक्टरांशी भांडलो, तिला कावीळ आहे, तुम्ही लपवताय माझ्यापासून. ते नाही म्हणाले तर मला खोटे वाटले." त्यांनी हात खाली घेतला. "मला बघवायचं नाही ग. ती म्हणायची, बसा ना जरा. मी म्हणायचो, गिऱ्हाईक आलंय. गिऱ्हाईक नसायचं. खाली अंधारात बसून राहायचो." मग त्यांनी विचारलं, "ती पिवळी होती का?"

नणंद उठून त्यांच्याजवळ आली. "नाही, बाबा. अजिबात नाही. अशक्त होती, पण रंग तिचा होता तोच होता. गव्हाळ."

"गव्हाळ म्हणजे कुठला? गव्हाच्या शंभर जाती असतात."

लेकीनं आणि सुनेनं एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी जिना उतरल्या.

परत आल्या त्या धाग्यांचे दोन खण उचलूनच. खिडकीच्या कट्ट्यावर ते ठेवले आणि तपकिरी, बदामी, मातकट, सायीचे रंग उजेडात धरून पाहायला लागल्या.

"हा," नणंद म्हणाली.

"नाही ताई, हा उन्हाळ्यातला. शेवटी घरातच होत्या, उजळल्या होत्या थोड्या."

"मग हा?"

"हा फिका. आजारी दिसतोय."

"तो बदामी दे बघू." आत्याबाईही कट्ट्याशी आल्या. "हं. ह्यात किंचित गुलाबी हवा. तिचे गाल शेवटपर्यंत गुलाबी होते. मी वेणी घातली होती तिची त्या सकाळी, मला सांगताय."

सुनेनं गुलाबी धाग्याचा एकच पदर काढला, बदामीबरोबर पिळला आणि उजेडात धरला. तिघी पुढे वाकल्या. मग नणंदेनं मान डोलावली, आत्याबाईंनी डोलावली, आणि तो पिळलेला धागा सुनेनं बाबांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो नव्या डोळ्यापुढे हातभर लांब धरला. खूप वेळ पाहिला.

"एवढी छान दिसत होती?"

"हो, बाबा," लेक म्हणाली.

बाबांनी धागा हळूच मुठीत घेतला, मूठ मांडीवर ठेवली आणि खुर्चीत मागे टेकले. खालून कोणीतरी दुकानाच्या दारावर टकटक केली. मुलगा उठायला लागला.

"जा तू," बाबा म्हणाले. मग त्या पलंगाकडे तोंड करून, तिथे कोणी असावं तसे म्हणाले, "मी बसतो ग."